तेल-पाणी नांदवणाऱ्या गायकवाड मॅडम

सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर गायकवाड मॅडम माणसांच्या आधी बाटल्यांची विचारपूस करायच्या. खिडकीशी मांडलेल्या नमुन्यांपुढे वाकून, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "काय, नांदताय ना?"

खराडीतल्या आमच्या छोट्या कंपनीत बिनअंड्याच्या मेयोनेजसाठी सूर्यफुलापासून लेसिथिन तयार करण्याचं काम चाले. तेल शुद्ध करताना जो चिकट गाळ निघतो, त्यातून ते मिळतं. तेल आणि पाण्यानं एकमेकांना सोडू नये, यासाठी ते घालायचं. "मिक्सरमध्ये लग्न कुणीही लावतं," मॅडम म्हणायच्या, "पंधरा दिवसांनी घरी जाऊन बघा."

मी बार्शीचा. वडील आडतीत हमाल, घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. माझ्या अहवालातलं इंग्रजी वाचून सगळे हसत. मॅडमही हसल्या. "अहो शिंदे, या वाक्याला क्रियापद देणार आहात, की उपाशीच पाठवणार?" पण मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि पुढचे कित्येक दिवस स्वतःचा डबा अर्धवट ठेवून मला लिहायला शिकवलं.

माझ्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता. सॉसच्या एका कारखान्याचे मालक नमुना बघायला यायचे होते आणि नमुना मी केलेला होता. तो पसंत पडला तरच आपण कायम होणार, असं मी धरून चाललो होतो. सकाळी येऊन पाहतो तर बाटलीत वर तेलाची पिवळी कड! मॅडम अजून यायच्या होत्या. मी बाटली गदागदा हलवली. पुन्हा पांढरीशुभ्र.

मालक खूश झाले. "झकास! ऑर्डर देऊनच टाकतो."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "थांबा जरा. यातले बुडबुडे आजचे आहेत." मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "शिंदे, हलवलीत?"

"हो मॅडम. तेल सुटलं होतं."

त्यांनी मालकांकडे महिन्याची मुदत मागितली. ते तोंड वाकडं करून गेले, ते पुन्हा आलेच नाहीत.

"तेल सुटलं हा तुमचा गुन्हा नव्हता," नंतर मॅडम म्हणाल्या. "बाटली काहीतरी सांगत होती. तुम्ही तिचं तोंड दाबलंत." घडलेलं सगळं त्यांनी वहीत माझ्याच हातानं लिहून घेतलं. त्या संध्याकाळी मी टेबलाचा खण रिकामा केला. बार्शीला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मॅडमना जाऊन आता वर्ष होईल. प्रोबेशनच्या त्या शेवटच्या शनिवारी एचआरनं हातात ठेवलेला, मॅडमनी भरलेला माझ्या मूल्यमापनाचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. उणिवांच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द आहे, 'घाबरतात.' आणि त्याखाली, 'विचारल्यावर मात्र चारचौघांत खरं सांगतात. कायम करावे. जबाबदारी माझी.'