खोल बाजूची जाळी

मानपाड्याच्या ज्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी होते ती बंद पडली, तेव्हा तिथल्याच एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते आधीच बाहेर पडलेले आणि ठाणे-डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या स्विमिंग पूलच्या देखभालीची कामं घ्यायला लागलेले.

"पाणीच तपासायचंय गं," ते म्हणाले. "तिथे बाटलीतलं तपासायचीस, इथे हौदातलं."

मला पोहता येत नाही, हे मी फोनवरच सांगून टाकलं. खरं तर पाण्याची भीतीच होती. लहानपणी आम्ही शहाडला राहायचो. एका पावसाळ्यात नदी घरात शिरली आणि वडिलांनी मला खांद्यावर घेऊन बाहेर काढलेलं. तेव्हापासून पाणी गुडघ्याच्या वर गेलं की माझा श्वास अडकायचा.

"सगळं काठावरूनच असतं," काका म्हणाले. "आत उतरायची वेळ आली तर मी आहे ना."

आणि खरंच, काम मला आवडायला लागलं. सकाळी जाळीने पानं काढायची, भिंतींना ब्रश मारायचा, लांब दांड्याच्या व्हॅक्यूमने तळ साफ करायचा, फिल्टरमधून पाणी उलटं सोडून घाण बाहेर काढायची. मग छोट्या नळीत पाणी घेऊन रसायनाचे थेंब टाकायचे आणि रंग बघून क्लोरीन किती घालायचं ते ठरवायचं. ऊन वर येईपर्यंत तळाच्या फरश्या एकेक करून दिसायला लागायच्या. तेवढं बघायला मी दोन मिनिटं उगाच थांबायचे.

मग काकांच्या कानाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाण्याखाली जायला कायमची बंदी केली. आणि नेमकी ठाण्याच्या एका सोसायटीच्या पूलमध्ये खोल बाजूच्या तळाची जाळी सैल झाली. पंप तिथूनच पाणी ओढतो. जाळी निघाली तर पोहणाऱ्याचे केस, हात, काहीही आत ओढलं जाऊ शकतं. पंप बंद केला, पूलला कुलूप लावलं आणि बाहेरून एक पाणबुड्या बोलावला. त्याने बुडी मारून स्क्रू आवळले. मी काठावर जादा स्क्रू धरून उभी. तो वर येईपर्यंत माझाच श्वास कोंडलेला.

त्या सोसायटीत एक काकू रोज पोहायला यायच्या. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझा चेहरा बघितला असणार.

"तुला पोहता येत नाही?"

"नाही हो काकू. भीती वाटते."

"मग शिक की! पाणी एवढं छान ठेवतेस ते काय फक्त आमच्यासाठी?"

कामावरच्या माणसांनी पूलमध्ये उतरायचं नाही, असा तिथला नियम. काकू स्वतः सेक्रेटरींकडे गेल्या. ते भले गृहस्थ; जरा विचार करून म्हणाले, "सोमवारी पूल बंद असतो. तिचं काम आटपल्यावर शिकवा. पण जबाबदारी तुमची."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरंय, शिकून घे. मग मला शिकव."

पहिल्या सोमवारी मी पायरीवरच बसून राहिले. पाणी कमरेला लागलं आणि मी कठडा घट्ट पकडला. काकूंनी घाई केली नाही. "तोंड पाण्यात घाल आणि बुडबुडे सोड," एवढंच त्या दिवशी. पुढे पाठीखाली हात धरून तरंगायला लावलं. किती सोमवार गेले कोण जाणे; मी प्रत्येक वेळी ओरडायचे, "सोडू नका हं, काकू!" आणि एकदा त्या लांबून म्हणाल्या, "अगं, कधीच सोडलंय." मी आधी घाबरले, मग हसायला लागले आणि नाकातोंडात पाणी गेलं. पुढे हात-पाय मारणं आलं, मग श्वास धरून खोल बाजूला बुडी मारणंही.

उन्हाळ्याच्या तोंडावर डोंबिवलीच्या एका पूलमध्ये तसाच तळाच्या जाळीचा स्क्रू निघाला. काका पाणबुड्याला फोन लावायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "मी जाते."

ते पंप बंद करून आले आणि माझ्या कमरेला दोरी बांधली. नवा स्क्रू मी दोऱ्याने मनगटाला अडकवला. पहिल्या बुडीत नुसती जाळीला हात लावून वर आले. दुसऱ्या बुडीत स्क्रू बसला, पण आवळेपर्यंत दम संपला. तिसऱ्या वेळी तळाशी अगदी शांत वाटलं. स्क्रूड्रायव्हर फिरवला, स्क्रू घट्ट झाला, जाळी हलवून बघितली. हलली नाही.

वर आले तर काका दोरी दोन्ही हातांनी धरून काठावर गुडघे टेकून बसलेले. "झालं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी टॉवेल पुढे केला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढच्या सोमवारी ठाण्याला गेले तर जिने झाडणाऱ्या दोघी बायका पूलच्या दाराशी उभ्या होत्या. सेक्रेटरींना विचारून आलोय म्हणाल्या. एकीच्या हातात पिशवी, त्यात पोहायचे नवे कपडे.

"ताई, काकू म्हणाल्या आम्हाला तुम्ही शिकवाल. पाणी लई खोल आहे का हो?"

"या बाजूला नाही," मी म्हटलं आणि आधी पायरीवर बसून दाखवलं.