सहाव्या गाण्यावरचा अभिप्राय

आमच्या लॅबमध्ये माणसांचे दात बनतात. दंतवैद्य जबड्याचे ठसे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेणात एकेक दात बसवतो आणि कवळी तयार करून परत धाडतो. खिडकीजवळच्या टेबलाशी ती बसते आणि तिला लागून मी. तिचं बोलणं मोजकं, पण गुणगुणणं सतत चालू. आमचा मालक म्हणायचा, "हिच्या हातच्या कवळ्या घालून एखाद दिवशी म्हातारे गायला लागतील."

कारण संध्याकाळी ती रॉक गायची. तेही देवाचं. मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. देवाचं गाणं म्हणजे डोळे मिटून, हळू आवाजात म्हणायचं, अशी माझी समजूत. ती मला एकदा त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथं ड्रम्स असे वाजत होते की मी कानांवर हात ठेवले.

"एवढ्या मोठ्यानं कशाला गं?" मी नंतर विचारलं.

"हळू हाक मारून बघितली होती," ती म्हणाली. "ओ देईना."

तिच्या बँडमध्ये ती धरून चौघं होते; ती गायची आणि गिटार वाजवायची. पाचवा तिचा धाकटा भाऊ, पण तो वाजवत काही नसे. तो व्हॅन चालवायचा, स्पीकर उचलायचा, वायरी गुंडाळायचा. लहानपणापासून जाड चष्मा, म्हणून ती त्याला ढापण्या म्हणे. इतर कुणी म्हटलं तर तो चिडायचा, ताईनं म्हटलेलं चालायचं.

एका कार्यक्रमाहून परतताना व्हॅन दुभाजकावर आदळली. त्याला डुलकी लागली होती. बाकीच्यांना खरचटलं, त्याचा चष्मा फुटला, आणि तिचा डावा हात दारात सापडला. हात वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं ताठ राहिलं. कवळीच्या कामाला त्यानं फारसं अडलं नाही. गिटारला अडलं. बँड मोडला. भांडण वगैरे काही झालं नाही. एकेकाला कामं निघाली, मग भेटीच होईनात. भाऊही घर सोडून गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला खिडक्यांच्या काचा कापून देणाऱ्या दुकानात तो कामाला लागला. गाडीचं चाक त्यानं पुन्हा हातात धरलं नाही.

तो फोन करायचा. मी शेजारीच बसायचो, त्यामुळे मला दिसायचं. टेबलावर फोन थरथरला की ती नाव बघायची आणि फोन पालथा घालायची. मेणावरचा हात जरासुद्धा हलायचा नाही. मी एकदा म्हटलं, "उचल की." ती म्हणाली, "उचलला तर काय बोलू?"

मग तिनं काय केलं, तर गिटारच्या तारा वेगळ्या सुरांत लावून उरलेल्या बोटांनी वाजवायला शिकली. नुसतं शिकायलाच फार काळ गेला. मग स्वतःचे शब्द, स्वतःच्या चाली, स्वतःचा आवाज, असा तिचा एकटीचा पहिला अल्बम झाला. जुन्या ड्रमरनं तेवढी साथ दिली. गाणी इंटरनेटवर आली, आणि खाली ऐकणाऱ्यांचे अभिप्राय यायला लागले.

ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत ती फोन माझ्यासमोर सरकवायची. "तू वाच. मला धीर होत नाही."

"आवाज चांगला आहे, पण सर्दी झाल्यासारखा वाटतो," मी वाचलं.

"खरंच झाली होती. पुढे?"

"देवाचं नाव कमी आणि ड्रम्स जास्त."

"पुढे?"

"देवाचं नाव जरा कमी घेतलं असतं, तर आमच्यासारख्यांनाही आवडलं असतं."

ती खळखळून हसली. "या दोघांना एका बाकावर बसवलं पाहिजे."

एकानं लिहिलं होतं, बँडमध्ये होती तेच बरं होतं, एकटीनं कशाला हे उद्योग. ती डब्याकडे वळली. दुसऱ्यानं लिहिलं होतं, गिटार अशी कुणी वाजवत नाही, हिची पद्धत काही वेगळीच आहे. तेव्हा मात्र डबा संपवताना ती पुन्हा गुणगुणायला लागली.

मग सहाव्या गाण्यावरचे अभिप्राय सुरू झाले.

त्या गाण्यात एक बहीण भावाला म्हणते, तुझ्या हातून जे मोडलं त्याचा मी हिशेब ठेवलेला नाही, घरी ये. त्यातली एक ओळ सगळ्यांच्या तोंडी बसली: फुटलेलं मी कधीच झाडून घेतलं, तू अनवाणी ये. तिच्या अपघाताची गोष्ट त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. तिथून ती बाहेर पसरली आणि लोकांनी दोन्ही गोष्टी जुळवल्या. "काय हे मन!" "ज्यानं हात अधू केला, त्याच्यासाठी असं गाणं!" "क्षमा म्हणजे काय ते आज कळलं." एका माणसानं लिहिलं, मी भावाशी अबोला धरला होता, हे गाणं ऐकून त्याच्या घरी गेलो, दोघं दारातच रडलो.

मी मोठ्या कौतुकानं वाचत होतो. ती म्हणाली, "पुढचं वाच."

"पुढचंही त्याच गाण्यावर आहे."

"मग राहू दे." तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. तिचे कान लाल झाले होते. तिनं फोन पालथा घातला, आणि मी तिच्याकडे बघतोय हे तिला दिसलं.

नंतर तिनं मला सांगितलं, ते गाणं तिनं इथंच, प्लास्टर सुकेपर्यंतच्या मोकळ्या वेळात लिहिलं होतं. पहिली ओळ सुचली, पाठोपाठ दुसरी आली. ते खरं आहे का, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही. चाल चांगली बसली होती.

त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला रविवारी उपासनेत साक्ष द्यायला सांगितलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. विषय अर्थातच क्षमा. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. ती उभी राहिली आणि बोलली. छान बोलली, हेच वाईट झालं. बायका डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. ती तेवढी लेकीकडे न बघता मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

घरी जाताना दोघी चालत निघाल्या. वाटेत अगदी साधेपणानं आईनं विचारलं, "त्याला कळवलंस का गं?"

"काय?"

"माफ केलंयस ते."

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की आता लेक फोन करेल. मला हे सांगताना तिनं हातातली मेणाची सुरी खाली ठेवली. म्हणाली, "रस्त्यावर होते म्हणून. नाहीतर आईच्या पायाशी बसले असते. तेही केलं नाही. म्हटलं, करते, करते."

फोन केला नाहीच.

त्याच आठवड्यात दुपारी ती स्वतःच अभिप्राय बघत होती. मी साच्याला घासकागद मारत होतो. ती एकदम ताठ झाली. मी वाकून पाहिलं. सहाव्या गाण्याखाली लिहिणाऱ्याचं नाव होतं ढापण्या.

"गाणं दुकानात सगळ्यांनी ऐकलं. काचवाल्यांना ती झाडून घेतल्याची ओळ फार आवडली. ताई, हे खरं आहे का? खरं असेल तर रविवारी घरी येऊ का?"

त्याच्याखाली लोकांची झुंबड उडाली होती. "हाच तो भाऊ!" "वाचून काटा आला." "ताई, लवकर उत्तर द्या, आम्ही वाट बघतोय." लोक एकमेकांना बोलावून आणत होते. सगळे आनंदात होते, आणि सगळे तिच्या उत्तराकडे डोळे लावून बसले होते.

तिनं अंगठा स्क्रीनवर ठेवला. मला वाटलं, लिहितेय. तिनं त्याचा अभिप्राय पुसून टाकला. त्याच्याबरोबर खालचे सगळे आनंदही गेले.

"अगं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती बर्नर पेटवून कामाला लागली. थोड्या वेळानं मेणाचा करपट वास आला. दात बसवलेली आख्खी रांग तिनं ज्योतीवर धरून ठेवली होती आणि एकेक दात निखळून टेबलावर पडत होता. एवढ्या वर्षांत मी तिचं काम बिघडलेलं पाहिलं नव्हतं. ती उठली, हात धुतले, मालकाला म्हणाली, "मी जाते." आणि अंगातला पांढरा कोटही न काढता गेली.

तिनं मला नंतर सांगितलं, काचेच्या दुकानात तिचा भाऊ मोठ्या टेबलावर वाकून काच कापत होता. तिला बघून त्यानं पट्टी बाजूला ठेवली. पहिलं वाक्य त्याचंच.

"ताई, मी लिहिलेलं दिसत नाहीये गं. माझ्याकडूनच पुसलं गेलं असेल. मला ते नीट जमत नाही."

ही पळवाट त्यानं तिच्यासाठी उघडी ठेवली होती की त्याला खरंच तसं वाटत होतं, हे तिला आजही ठाऊक नाही. ती म्हणाली, "मी पुसलं."

तो चष्मा काढून पुसत राहिला.

"मी माफबिफ काही केलेलं नाही तुला," ती म्हणाली. "नुसतं गाणं लिहिलं. लोकांनी वाहवा केली, ती घेतली. चर्चमध्ये उभी राहून बोलले. आईदेखत बोलले."

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? ओरड ना माझ्यावर."

"इथे? गिऱ्हाइकं आहेत."

मग ती जे बोलली, ते तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी तू म्हणाला होतास. सामान भरताना. ताई, डोळे मिटतायत, थोडा पडतो, मग निघू."

"हो."

"मी म्हटलं, नखरे करू नकोस, चहा पी आणि चल. मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमाला पोचायचं होतं."

"हो."

"हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. आईलासुद्धा नाही."

"तुझा हात तसा झाल्यावर काय सांगणार?" तो म्हणाला. "आणि झोपलो मीच ना."

ती तिथंच, काचा टेकवून ठेवलेल्या लाकडी घोड्याशेजारी रडायला लागली. दुकानातल्या दुसऱ्या कामगारानं न बोलता स्टूल आणून ठेवलं. त्याला ती ओळखू आली होती. काय बोलावं ते न सुचून तो म्हणाला, "गाणं मस्त आहे हां, ताई." तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ती माफी मागू लागली, तेव्हा भावानं तिला थांबवलं. "डुलकीचं मी माझं बघून घेईन. पण पुसायला नको होतंस. दोन दिवस मी शब्द जुळवत होतो." एवढंच बोलून तो काच कापायला वळला. ती मुकाट्यानं घरी आली.

घरी येऊन तिनं आधी आईला सांगितलं. सामान भरतानाचं, चहाचं, सगळं. आई ऐकून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग सहाव्या गाण्याखाली लेकीनं स्वतः लिहिलं, की हे गाणं खरं मानून तुम्ही माझं कौतुक केलंत, ते माझं नाही. मी भावाला क्षमा केलेली नव्हती. त्यानं विश्वासानं विचारलं तेव्हा त्याचे शब्द मी पुसले. आणि त्या दिवशी थकलेल्या माणसाला गाडी चालवायला मीच लावलं.

अभिप्राय बदलले. "आता हे गाणं ऐकवत नाही." "देवाच्या नावावर नाटक." काही जण सांभाळून घेणारे होते, पण ते थोडे. भावाच्या दारात जाऊन रडलेल्या त्या माणसानं लिहिलं, "तुमचं खोटं असेल, आमचं खरं आहे. पण हे कळायला नको होतं." तो अभिप्राय तिला सगळ्यांत लागला. पाळकसाहेब म्हणाले, काही महिने व्यासपीठावर नको. जुना ड्रमर म्हणाला, "निदान मला तरी आधी सांगायचंस." ती सगळ्यांना हो म्हणाली. लॅबमध्ये मान खाली घालून यायची, मान खाली घालून जायची. गुणगुणणं बंद. मालकानंही कवळीवरचा तो जुना विनोद सोडून दिला.

तिनं रोज भावाला फोन करायला सुरुवात केली. आता तो उचलत नसे. मी म्हटलं, चिडलाय. ती म्हणाली, "चिडू दे. मी किती दिवस पालथा घालत होते!" पुढे एकदा त्यानं उचलला, आणि आईच्या गुडघ्यांबद्दल तेवढं बोलून ठेवला.

शेवटी एका रविवारी तो आला. खुर्चीच्या टोकावर, पाहुण्यासारखा बसला. आईला काय करू आणि काय नको असं झालं होतं. बोलायला विषय सापडेना, तेव्हा तो म्हणाला, "ताई, बाकीची गाणी मी ऐकलीच नाहीयेत. लाव."

तिनं लावली. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून, जमिनीकडे बघत ऐकत राहिला. दुसरं संपल्यावर म्हणाला, "हे चांगलंय." चौथ्याला म्हणाला, "हे फार लांबलंय. आणि त्या ड्रमवाल्याला आवर." ती मान हलवत राहिली. त्याच्याकडे बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

पाचवं संपत आलं तशी ती उठली आणि सहावं सुरू व्हायच्या आत तिनं गाणी थांबवली.

आईनं आतून विचारलं, "संपली का रे गाणी?"

"नाही," तो म्हणाला, "आहेत अजून."