सतरा नंबरचा हात

दुकान चालवणाऱ्या काकूंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दारात उभे राहून आत यावं की परत फिरावं याचा विचार करत होते. साठी उलटलेला किरकोळ बांध्याचा माणूस, नाकावर घसरलेला चष्मा, बाह्यांवर प्लॅस्टरची पांढरी धूळ. अशी माणसं त्या दुकानात येत नसत. दुकान म्हणजे तळघरातली लांबट खोली. तीन मोठी टेबलं, त्यांवर थर्माकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याचे पडके किल्ले, आणि त्यांच्या आडोशाने उभे केलेले बोटाएवढे रंगवलेले सैनिक. टेबलांभोवती कॉलेजातली मुलंमुली आणि कचेरीतून परस्पर आलेली चांगली कर्तीसवरती माणसं फासे टाकत असायची, पट्टीने अंतरं मोजायची आणि नियमांवरून हमरीतुमरीवर यायची.

"नळ वरच्या मजल्यावर गळतोय," काकू म्हणाल्या. "जिना चढलात की डावीकडे."

"मी नळांचा नाही, दातांचा," ते म्हणाले. "म्हणजे डॉक्टर नव्हे. कवळ्या करतो."

एवढं बोलून त्यांनी खिशातून एक डबी काढली. दात ठेवून पाठवतात तसली, आत कापूस. कापसावर दाण्यापेक्षा लहान एक हात होता. मुठीत दिवटी, दिवटीला केशरी ज्वाळा, ज्वाळेच्या टोकाला पिवळ्याचा एकच ठिपका.

"हा कुणाचा, सांगू शकाल?"

तो पिवळा ठिपका द्यायची पद्धत सगळ्या दुकानात एकाच व्यक्तीची होती. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पुन्हा नीट पाहिलं, आणि हनुवटी ओळखीची वाटली.

"सरदारचे बाबा तुम्ही?"

"आम्ही तिला ठमी म्हणायचो," ते म्हणाले.

तिला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. एकोणतीस वर्षांची मुलगी. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची आणि दर बुधवारी संध्याकाळी इथे येऊन भल्याभल्यांना धूळ चारायची, म्हणून सरदार. एका सकाळी कामाला जाताना रस्ता ओलांडला, तो पुरता ओलांडला नाही. आई ती शाळेत असतानाच गेली होती. घरात बापलेक दोघंच, आणि दोघंही मुलखाचे अबोल.

काकूंनी डबी दिव्याखाली धरली. "सतरा नंबरचा. त्या सैनिकाच्या बैठकीखाली आकडा कोरलेला असेल बघा."

त्यांनी आभार मानले, डबी मिटली आणि गेले. विचारलं तेवढ्याचंच उत्तर आपण दिलं, हे काकूंना मागाहून फार लागलं.

पुढच्याच बुधवारी ते एक ट्रे घेऊन आले. कवळ्यांचे साचे ठेवायचा ट्रे, आत मऊ फडकं, आणि फडक्यावर अकरा सैनिक ओळीत. कुणाचा पाय तुटलेला होता, कुणाची मान, कुणाची ढाल. सगळे धडधाकट होऊन आले होते. त्यांनी कवळीचं साहित्य कालवून प्रत्येक सांधा भरला होता, घासून गुळगुळीत केला होता आणि वर पोरीच्याच डब्यांतला रंग दिला होता.

"बिचारे तसेच पडले होते खोक्यात," ते म्हणाले. "तिला वेळ झाला नसेल."

भोवतीच्या सगळ्या पोरांनी काकूंकडे पाहिलं.

त्या पोरांना जे माहीत होतं ते असं. या खेळाचं एक अख्खं विश्व आहे. तिथे तारे एकामागून एक विझत चाललेत, आणि दिवटीपलटण जिवंत ताऱ्यावरचा जाळ जहाजातून अंधारल्या जगांपर्यंत नेते. चाळीस जणांची पलटण. पडलेल्याचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, त्याचं मोडलेलं चिलखत दुरुस्त करायचं नाही. हजेरीत त्याचा नंबर पुकारायचा आणि एक श्वासभर थांबायचं. सरदारने हा नियम टेबलावर आणला होता. मोठ्या मोहिमेत जो सैनिक पडला, तो जिथे घाव बसला तिथे ती स्वतःच्या हाताने मोडायची, आणि पुढचे सगळे डाव तो टेबलाच्या कडेला तसाच उभा राहायचा. त्या अकरा जणांना ओळीत आणायला तिला सहा वर्षं लागली होती.

काकूंनी एक सैनिक उचलून उजेडात फिरवला. "सांधा दिसतसुद्धा नाही," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"दिसला तर तो सांधा कसला," ते म्हणाले. लेक गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही बरं उमटलं असेल. मग कुणाच्याने बोलवणार?

त्यानंतर ते दर बुधवारी यायला लागले. ठमीच्या फळीवर त्या विश्वाच्या बावीस कादंबऱ्या होत्या. बाविसावीत एकशेचाळिसाव्या पानावर खूण होती, बसचं तिकीट. "ती जिथवर गेली तिथवर मला जायचंय," त्यांनी काकूंना सांगितलं. "पुढचं काही नको. तिथवर." जन्मात वर्तमानपत्रापलीकडे न वाचलेला माणूस, पण कामाला शिस्तीचा. सकाळी कवळ्या, दुपारी वीस पानं, शंका एका चिठ्ठीवर. बुधवारी चिठ्ठी खिशातून निघायची.

"या विश्वात हजार वर्षं जगलेला सेनापती आहे. बरोबर?"

"बरोबर," पोरांपैकी एक जण म्हणाला.

"त्याचे दात?"

"काका, ते कुणी लिहिलेलं नाही."

"हजार वर्षं जेवतोय आणि दातांचा उल्लेख नाही? लिहिणाऱ्याच्या तोंडात सगळे शाबूत असणार."

पोरं त्यांना कवळीकाका म्हणायला लागली आणि तेही ओ द्यायला लागले. काकू त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. तरी लेक म्हणायची तसं तेही त्यांना काकूच म्हणू लागले. "मला पुतण्या मिळाला, तोही पिकल्या केसांचा," काकू म्हणत. हसणं व्हायचं. पण पुस्तकं पुढे सरकत होती आणि काकू दर बुधवारी कितवं चाललंय ते विचारून घेत होत्या. त्या नियमाची गोष्ट सहाव्या पुस्तकात होती. त्याआधी आपणच सांगावं असं त्यांनी पाच वेळा ठरवलं, आणि पाचही वेळा चहा पुढे केला.

सहाव्या पुस्तकाच्या बुधवारी ते दुकान उघडायच्या आधीच जिन्यावर येऊन बसले होते. चिठ्ठी नव्हती.

"त्यात एक नवखा लोहार आहे," ते म्हणाले. "मेलेल्याचं चिलखत ठोकून सरळ करतो. त्याला वाटतं, उपकार केले. नायक त्याच्याशी सहा महिने बोलत नाही."

काकूंनी कुलपात किल्ली घातली, पण फिरवली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मी ट्रे आणला तेव्हाच?"

"तेव्हाच."

"सगळ्या पोरांना?"

"सगळ्यांना. त्यांना बोल लावू नका, पोरं माझ्याकडे बघत होती. मीच बोलले नाही. तुम्ही इतक्या हौसेने आणलं होतंत."

त्यांनी खिशातून तीच डबी काढली. कापसावर सतरा नंबर होता. "काल तो परत मोडायला बसलो. म्हटलं, होतं तसं करून ठेवावं. तर सांध्यात मोडेना. शेजारी मोडला, खांद्यात. कवळीचंही असंच होतं. आमचा जोड सुटत नाही, बाजूचं जातं." त्यांनी डबी मिटली. "तिने कोपरात मोडला होता. आता तो माझ्या हातचा मोडलाय. बाकीच्या दहांना मी हात लावला नाही."

काकूंनी दार उघडलं, त्यांना आत बसवलं आणि कपाटातून एक वही काढली. मोहिमेची वही. ती दुकानातच असायची. नकाशे काढणाऱ्या मुलीचं ते नेटकं, बारीक अक्षर. ही वही बापाला द्यायला हवी हे काकूंना पहिल्या दिवसापासून कळत होतं. एका पानापायी त्यांनी ती दडवून ठेवली होती. आता तेच पान त्यांनी उघडून समोर ठेवलं.

तिथे लिहिलं होतं: सतरा. पुलावर पडला. डावा हात कोपरापासून गेला. हात टाकलेला नाही, डबीत आहे. बाबांच्या नजरेला पडू द्यायचा नाही. दिसला की पाच मिनिटांत बसवून देतील, आणि मला नको म्हणवणार नाही.

त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा वाचलं.

"पाच नाही लागली," ते म्हणाले. "बारा लागली."

मग मात्र ते बराच वेळ टेबलाच्या कडेला हात टेकून बसले. काकूंनी बाहेरची पाटी उलटी केली. त्या बुधवारी दुकान तासभर उशिरा उघडलं.

दोनेक महिन्यांनी त्यांनी काकूंना एका रविवारी सकाळी घरी बोलावलं. दोन खोल्या आणि काम करायची पडवी. पडवीत परक्यांच्या तोंडांचे साचे नंबर घालून मांडलेले. ठमीच्या खोलीत तिचा संगणक होता, त्यात त्याच विश्वाचा खेळ. दुकानातल्या पोरांनी त्यांना तो शिकवला होता आणि त्यांनी स्वतःची वेगळी मोहीम सुरू केली होती. "दोनदा पलटण बुडवली," ते म्हणाले. "पण पुस्तकात वाचलेलं ते बंदर प्रत्यक्ष बघितलं. ठमी म्हणायची, बाबा, एकदा बघा तरी. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी."

मग त्यांनी तिची मोहीम उघडली. एक्केचाळिसावी खेळी. बर्फाने भरलेल्या दरीवर लांब पूल, अलीकडे पलटण, पलीकडे अंधार. पलटणीतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर नंबर, टेबलावरच्या पलटणीचेच. सतरा नव्हता.

"या मोहिमेत खेळ एकाच जागी साठवता येतो," त्यांनी सांगितलं. "खेळी संपवली की आधीचं पुसलं जातं. म्हणून मी नुसता उघडतो, बघतो आणि बंद करतो." स्क्रीनवर नजर ठेवूनच ते पुढे बोलले. "आदल्या रात्री मी तिला तीनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा म्हटलं, पुरे झालं आता ते खेळणं. मग उठली. सकाळी कामाला गेली."

काकूंनी खुर्ची ओढून स्क्रीनजवळ घेतली.

"तिने काय केलं असतं? पूल ओलांडला असता की सोडला असता? तुम्ही सहा वर्षं तिच्यासमोर खेळलात. तुम्ही सांगाल ते करतो. त्या बिचाऱ्यांना असं थंडीत किती दिवस उभं ठेवायचं?"

सोडला असता, असं उत्तर काकूंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. एकदा गप्प राहून झालेलं नुकसान त्या विसरल्या नव्हत्या, आणि भलतंच बोलून दुसरं करायची त्यांची तयारी नव्हती.

"खरं सांगू? मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं त्याच्या उलट ती दर वेळी करायची. म्हणून तर मी हरायचे."

त्यांनी मान हलवली. माऊस धरून हळूच त्यांनी सगळी दरी एकदा फिरवून काकूंना दाखवली, पुलाचे खांब, बर्फाखाली पुरलेली जुनी जहाजं, पलटणीच्या मागे पेटती ठेवलेली एकुलती एक दिवटी. मग माऊसवरून हात काढून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "जेवायला उठलीय ती."

आणि त्यांनी खेळ बंद केला. नंतर चहा झाला. चहाला साखर नव्हती, पण ते दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलंय. कवळीकाका बुधवारी लेकीची पलटण घेऊन खेळतात आणि बहुतेकदा हरतात. मैदानात एकोणतीस सैनिक असतात. अकरा जण कडेला उभे असतात, त्यांतले दहा धडधाकट आणि सतरा नंबर खांद्यापासून मोडलेला. डावाआधी ते चाळीसही नंबर पुकारतात. त्या अकरा जणांच्या नंबरांपाशी थांबतात. सतरापाशी जरा जास्तच थांबतात, आणि समोरचा खेळाडू घाई करत नाही. दुकानात नवा आलेला कुणी "हे चांगले दिसणारे बाहेर का ठेवलेत?" असं विचारतोच. मग ते स्वतःच सांगतात, "मी दुरुस्त केले म्हणून."

सध्या ते बाविसावं पुस्तक वाचताहेत. खूण एकशेचाळिसाव्या पानावर आहे. ते एकशेएकविसाव्यावर आहेत, आणि हल्ली दिवसाला एकच पान वाचतात.