उपासाच्या दिवसाची गोळी

साखऱ्याच्या आमच्या मामांइतका चौकस माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही; असलाच तर तो मामांच्या तावडीतून सुटून पळालेला असणार. लेकानं बीपीचं मशीन आणून दिल्यापासून त्यांच्या ओसरीवर दंडाला पट्टा आधी, पाण्याचा तांब्या नंतर. पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांचंही बीपी मोजून त्यांनी "बाप तापट, पोरगं थंड, घर बराबर हाय" असा निकाल दिला. नरसीला दर्शनाला निघालेली जीप हात करून थांबवली आणि आतली सगळी माणसं मोजून मगच देवाकडे सोडली. एकदा बैलालाही पट्टा लावून पाहिला. पट्टा पुरला नाही म्हणून बैल सुटला. कोणी हसलं की म्हणत, "दुखत न्हाई म्हणून तर मोजायचं! दुखलं असतं तर मशीन काहून लागलं असतं?" ह्याच नादात त्यांनी गावातली काही माणसं वेळेवर दवाखान्यात धाडली, हे मात्र अगदी खरं.

कोडं होतं ते त्यांच्या स्वतःच्या बीपीचं. गोळ्या चालू, ठेचा बंद, तरी आकडा आज शहाण्यासारखा, तर उद्या भडकलेला. मामांनी मशीनला शिव्या घातल्या, सेल बदलले, दंड बदलला. शेवटी शेतात अंधारी येऊन खालीच बसले, तेव्हा मी त्यांना आणि मामींना गाडीत घालून हिंगोलीला नेलं.

"गोळी चुकते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अजिबात न्हाई. तुमी सांगितलं तशी, जेवल्यावर!"

"आन् उपासाला?" मामींनी हळूच विचारलं.

"उपासाला मी जेवतो व्हय?"

सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी... ऐकता ऐकता बाईंनी कपाळाला हात लावला. "मामा, रोज म्हणजे रोज. नाहीतर एक दिवस अर्धं अंग जाईल."

मामा अडून बसले. "सोमवार हिच्या दुखण्यात धरलेला हाय. त्या दिवशी तोंडात काही न्हाई घालत मी."

"मी बरी झाले ना?" मामी म्हणाल्या. "आता तुमी पडल्यावर मी कोणाकडं बघू?"

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम गेलो. मामींनी गोळी तळहातावर ठेवली. मामांनी देवाकडे तोंड केलं, गोळी गिळली आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"मागितलं न्हाई, भाच्या. सांगून राहिलो होतो," ते म्हणाले, "की हा उपास हिच्यासाठीच धरला होता, अन् हिच्यासाठीच मोडला."