मास्तरांच्या नावावरचं काम

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी कधी एक तासही शिकवला नव्हता. ते सॉफ्टवेअर लिहीत. चोवीस वर्षं तेच केलं. मास्तर हे नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. कुणाचं काम अडलं, की ते स्वतःची खुर्ची ढकलत त्याच्या टेबलापाशी नेत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कुठे रुतलंय?" मग अर्धा तास, तास, कधी अख्खी दुपार तिथेच. उत्तर ते सांगत नसत. समोरच्याकडूनच गाठ सोडवून घेत आणि खुर्ची ढकलत परत येत. खुर्चीचं एक चाक करकरे. ती करकर ऐकली की कुणीतरी म्हणे, "निघाली मास्तरांची गाडी."

त्यांची सात जणांची टीम लहान मुलांच्या हॉस्पिटलांसाठी एक सॉफ्टवेअर सांभाळत होती. सिस्टरने मुलाचं वजन टाकायचं, औषध निवडायचं, की पडद्यावर औषधाचं माप यायचं. दिसायला एवढंच. पण वजन चुकलं तर माप चुकतं आणि माप चुकलं तर काय होतं हे मास्तरांना कुणी सांगावं लागत नव्हतं. त्यामुळे कुणाचंही काम हॉस्पिटलांकडे जाण्याआधी ते एकदा उघडून बघत. हे कुणी नेमून दिलेलं नव्हतं. सकाळी आल्यावर लोक जसा डबा जागेवर ठेवतात, तसं ते करत.

मग नवा मॅनेजर आला. मास्तरांपेक्षा बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड. त्याने भिंतीवर एक मोठा टीव्ही लावला. टीमच्या प्रत्येक कामाचं एक तिकीट, म्हणजे कॉम्प्युटरवरची एक नोंद असे, आणि एका तिकिटावर एकच नाव लावता येई. ज्याने जास्त तिकिटं संपवली त्याचं नाव टीव्हीवर वर, ज्याने कमी त्याचं खाली. तिकीट संपलं की टीव्हीतून टाळ्यांचा आवाज यायचा. खऱ्या माणसांच्या टाळ्या, कुठूनतरी भरून आणलेल्या. दर तीन महिन्यांनी पहिल्याचा फोटो लागणार आणि लागोपाठ दोन वेळा तळाशी राहील त्याला टीममध्ये जागा नाही, असं मॅनेजरने हसत हसत सांगितलं. यामुळे टीमवर्क वाढेल, असंही सांगितलं.

मास्तरांचं नाव तळाशी गेलं, त्यात नवल नव्हतं. दुसऱ्याच्या गाठी सोडवायचं तिकीट निघत नाही.

नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दोन आठवड्यांत लोकांनी कामाचे तुकडे पाडायला सुरुवात केली. पडद्यावरचं एक बटण निळं करायचं, हे एक तिकीट. ते जरा डावीकडे सरकवायचं, हे दुसरं. पुन्हा उजवीकडे आणायचं, तिसरं. टीममध्ये एक भराभर काम करणारा होता, त्याला सगळे रॉकेट म्हणत. त्याने एका दिवसात नऊ वेळा टाळ्या वाजवून घेतल्या आणि संध्याकाळी, दमलो बुवा, म्हणून मान मोडली. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. जेवणाच्या पंगतीत कुणी दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खावं आणि वर ढेकर द्यावी, तसं त्यांना वाटलं.

अडलेले लोक अजूनही येत, पण आता चोरून. पाणी प्यायला आल्यासारखं करत, हळूच विचारत, उत्तर मिळालं की पाठ फिरवत. मास्तरांनी खुर्ची घेऊन जवळ जायला सुरुवात केली की म्हणत, "नको नको मास्तर, बसा तुम्ही." कारण मॅनेजर बघत असे. मास्तर शेजारी बसले म्हणजे काम एकट्याने केलं नाही, हे दिसे. मास्तर बसून राहू लागले. खुर्ची करकरेनाशी झाली.

पहिले तीन महिने संपले तेव्हा ते तळाशी होते. वय एक्कावन्न. या वयात बाहेर कुठे दार ठोठावायचं, याचा विचार ते आंघोळ करताना, रस्ता ओलांडताना, जेवताना करत. दिवसातून वीसदा मान उचलून टीव्हीकडे बघायची खोड त्यांनाही लागली. त्या खोडीची त्यांना स्वतःलाच शिसारी येई आणि तरी मान वर जाई.

दुसरे तीन महिने संपायला पाच दिवस उरले असताना टाळ्या वाजल्या आणि मास्तरांचं नाव तळावरून एक घर वर सरकलं. त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या टेबलावरच्या चष्मेवालीने पडद्याआडून अंगठा दाखवला. तिला कामाला लागून तीन वर्षं झाली होती आणि निम्मं काम ती मास्तरांकडून शिकली होती. तिने स्वतः केलेल्या एका बारक्या कामावर मास्तरांचं नाव घातलं होतं. दया आली असेल, उपकाराची जाणीव असेल. मास्तरांना दोन्ही समजलं. त्यांनी मान हलवली आणि नजर खाली घातली.

ते तिकीट त्यांनी उघडलं नाही. चोवीस वर्षांत समोरून गेलेलं एकही काम त्यांनी न बघता सोडलं नव्हतं, आणि ज्यावर स्वतःचं नाव होतं तेच नेमकं सोडलं. उघडलं असतं तर आपण न केलेलं काम डोळ्यांसमोर आलं असतं. ते बघायचं नव्हतं.

घरी बायकोला त्यांनी सांगितलं की नाव वर गेलं. ती पोस्टाच्या काउंटरवर बसून पंचवीस वर्षं लोकांचे चेहरे वाचत आलेली बाई. तिने पोळी ताटात टाकली आणि विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

"काही नाही."

"मग वर कसं गेलं?"

मास्तरांनी सांगितलं. ती म्हणाली, "कुणी उष्टं वाढलं तर आपण उठून जातो, अहो. तुम्ही बसून खाल्लंत."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आठ दिवसांनी एका हॉस्पिटलमधून फोन आला. तिथल्या मोठ्या सिस्टर. चार किलोच्या बाळासाठी पडद्याने एकोणीस किलोच्या मुलाचं माप दाखवलं होतं. वजनाची चौकट रिकामी राहिली होती आणि सॉफ्टवेअरने गपचूप आधीच्या मुलाचं वजन उचललं होतं. औषध भरून झालं होतं. सिरिंज हातात घेतल्यावर सिस्टरना ती जड वाटली, म्हणून त्यांनी हात थांबवला. एवढंच. हात थांबला, म्हणून बाळ वाचलं.

मास्तरांनी फोन ठेवल्या ठेवल्या वजनाच्या चौकटीला शेवटचा हात कुठल्या तिकिटाने लागला ते शोधलं आणि ते उघडलं. दोन मिनिटं लागली.

मूळ काम एकच होतं. वजन तपासा, अशी एक जुनी सूचना प्रत्येक वेळी पडद्यावर येई आणि सिस्टर तिला कंटाळल्या होत्या. ती काढायची, आणि तिच्या जागी वजन रिकामं असेल तर पुढे जाऊच द्यायचं नाही, अशी सोय करायची. रॉकेटने त्याचे दोन तुकडे पाडले होते. सूचना काढणं, दहा मिनिटांचं, एक तिकीट. अडवण्याची सोय, दोन दिवसांचं, दुसरं तिकीट. पहिलं चष्मेवालीने उचललं, संपवलं आणि मास्तरांच्या पदरात टाकलं. दुसरं रॉकेटकडे अर्धं पडून होतं, कारण तेवढ्या वेळात त्याची बटणांची वीस तिकिटं होत होती. पहिला तुकडा एकटाच हॉस्पिटलांकडे गेला. आठ दिवस तिथे सूचनाही नव्हती आणि अडवणारंही काही नव्हतं.

आणि त्या तुकड्यावर नाव होतं मास्तरांचं.

मॅनेजरने सगळ्यांना खोलीत बोलावलं. दार लावलं. आपण एक टीम आहोत, असं तो म्हणाला. चूक कधी एकाची नसते, बोट दाखवायची आपली संस्कृती नाही, असंही म्हणाला. सात जणांनी माना डोलावल्या. रॉकेटची मान सगळ्यांत जोरात डोलत होती. काल टीव्हीवर एकेक टाळी स्वतःच्या नावाने मोजून घेणारी ही माणसं आज एकमेकांच्या अंगात अशी शिरली होती, की कोण कुठे संपतो ते कळू नये. मास्तरांना दार उघडून जोरात श्वास घ्यावासा वाटला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपलीही मान थोडी हलली होती.

बाकीचे गेल्यावर मॅनेजरने त्यांना थांबवलं. हॉस्पिटलला खुलासा हवा होता. तो मास्तरांनी लिहावा, कारण समजून सांगणं त्यांना जमतं. आणि मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तिकिटावर नाव तुमचं आहे, मास्तर. पण मी ते बाहेर जाऊ देणार नाही. टीमची चूक म्हणून लिहा. तुम्ही या वेळी तळाशीही नाही आहात. सगळं छान आहे की."

मास्तरांनी खुलासा लिहिला. कामाचे दोन तुकडे का पडले ते लिहिलं. तिकिटावर नाव माझं आहे, काम मी केलेलं नाही, पण न बघता नाव राहू दिलं ती चूक माझी, असंही लिहिलं. मॅनेजरने वाचून त्या ओळी खोडल्या. उरलं ते असं होतं, की काही तांत्रिक कारणांमुळे असं घडलं आणि टीम त्यावर एकत्रितपणे काम करत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलशी कॉल होता. सगळे आपापल्या पडद्यावर. सात चौकटी, सात चेहरे, सातही माइक बंद. मॅनेजर बोलत राहिला. मोठ्या सिस्टर साठीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे औषध चुकीचं भरलं गेलं, तर भरणारी पोरगी पुढे येऊन सांगते, मी भरलं. रडते, पण सांगते. कारण तिने सांगितलं नाही तर अजून किती सिरिंजा तशाच भरल्या हे आम्हाला कळणार नाही. तुमच्याकडे हे कुणी भरलं?"

मॅनेजर म्हणाला, ही टीमची जबाबदारी आहे. सिस्टर म्हणाल्या, "मी टीम नाही विचारत, हात कुणाचा ते विचारतेय."

चष्मेवालीने खाली बघितलं. रॉकेट पाणी पीत होता, बराच वेळ पीत होता. आपण आत्ता बोललो तर ती न केलेल्या कामाची भीक घेतल्याची गोष्टही सगळ्यांसमोर उघडी पडणार आणि जागाही जाणार, हे मास्तरांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी माइक चालू केला.

"त्या कामावर माझं नाव आहे," ते म्हणाले. "काम मी केलेलं नाही. नाव वर जावं म्हणून मी ते घेतलं, आणि उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तुमच्यापर्यंत आलं नसतं."

मॅनेजर काहीतरी बोलायला लागला. सिस्टरनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी मास्तरांना दोष दिला नाही, शाबासकीही दिली नाही. एवढंच विचारलं, "आज संध्याकाळी ते थांबेल का?"

"थांबेल."

मास्तर उठले. खुर्ची ढकलत थेट रॉकेटच्या टेबलापाशी गेले आणि ते अर्धं काम उघडायला सांगितलं. रॉकेटने एकदा मॅनेजरच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि विचारलं, "करू या. पण मास्तर, लागेल कुणाच्या नावावर?"

मास्तरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुझ्या लाव," ते म्हणाले. "आता उघड."

साडेपाचला काम झालं. मास्तरांनी वजनाची चौकट चाळीस वेळा रिकामी ठेवून पाहिली, चाळीसही वेळा पडदा अडला. त्यांनी सिस्टरना फोन केला. सिस्टर "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला, त्यांचा राउंड चालू होता. रॉकेटच्या नावाने टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मास्तरांच्या फोनवर चष्मेवालीचा मेसेज आला. माझं नाव घेतलं नाहीत, थँक्यू, असं लिहून पुढे हात जोडलेलं चित्र. मास्तरांनी फोन उलटा ठेवला. या पोरीला आपण तीन वर्षं नेमकं काय शिकवलं, हे त्यांना आठवेना.

सोमवारी मॅनेजरने त्यांना बोलावलं. मास्तर टेबल रिकामं करायच्या तयारीने गेले होते. पण मॅनेजर उठून उभा राहिला, त्याने हात पुढे केला. हॉस्पिटलने कळवलं होतं की यापुढे बोलायचं तर त्या दिवशी बोललेल्या माणसाशीच बोलू. बघा, टीमचं केवढं नाव झालं, असं मॅनेजर त्याच तोंडाने म्हणाला. टीव्हीवर मास्तरांचा फोटो लावायचा होता. ग्राहकाचा विश्वास, असं त्याखाली लिहायचं होतं.

मास्तरांनी फोटोला नाही म्हटलं. राहायचं असेल तर त्यांची एक अट होती. कुणाचंही नाव असो, कुठलंही काम त्यांनी उघडून बघितल्याशिवाय हॉस्पिटलांकडे जाणार नाही.

मॅनेजर विचारात पडला. "पण ते मोजायचं कशात?"

"मोजू नका."

मॅनेजरला ते पटलं नाही, पण हॉस्पिटल हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने हो म्हटलं.

त्याच दुपारी मास्तरांनी पहिलं काम उघडलं. रॉकेटचंच होतं. एका कामाची तीन तिकिटं केलेली. मास्तरांनी तिन्ही रद्द केली, मूळ एक काम पुन्हा उघडलं आणि परत पाठवलं. रॉकेटच्या खात्यातून तीन टाळ्या कमी झाल्या. पुढचे पंधरा दिवस तो मास्तरांशी एक शब्दही बोलला नाही. मास्तरांना ते बरंच पडलं. काम उघडायला शांतता लागते.