नासिरभाईंचं ‘गिव्ह अप’

गाडीची भाषा नासिरभाईंना न बोलता कळते. इंजिन नुसतं खाकरलं तरी काय बिघडलंय ते टेम्पो न थांबवता सांगतील. पंचवीस वर्षं त्यांनी अर्धापूरची केळी वाहिली, आणि एवढ्या वर्षांत एकही केळं त्यांच्याशी दोन शब्द बोललं नाही, हे त्यांचं खरं दुःख. माणूस भलता बोलका. म्हणून नांदेडच्या ट्रॅव्हल्सवाल्या माधवरावांना परदेशी पाहुण्यांच्या गाडीवर ड्रायव्हर हवाय असं कळलं, तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा जीव त्या गाडीवर जडला. अट एकच, इंग्रजी आलं पाहिजे. महिन्यानं माधवराव स्वतः शेजारी बसून परीक्षा घेणार होते.

भार्गवी मॅडमच्या सकाळच्या इंग्रजीच्या क्लासात सगळ्या कॉलेजातल्या पोरी आणि एकटे नासिरभाई. काळ झाले, प्रश्न झाले, कर्मणी प्रयोगसुद्धा त्यांनी रेटून नेला. पण क्रियापदांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘डाउन’ अशी शेपटं फुटायला लागली आणि गाडी रुतली.

“गिव्ह म्हंजे दे. अप म्हंजे वर. मंग गिव्ह अप म्हंजे वर दे, असंच ना मॅडम?”

जन्मभर माल भरताना ‘वर दे, वर दे’ ओरडलेला माणूस. त्यांचं तरी काय चुकलं?

“नाही नासिरभाई. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं.”

पोरी फिदीफिदी हसल्या. नासिरभाईंचा चेहरा उतरला. या वयात नसतं झेंगट, असं वाटून ते वही मिटून उठले आणि दारातून म्हणाले, “मंग मी बी सोडून देतो.”

“कुणाला देता?” मॅडमनी विचारलं.

“आँ?”

“सोडून देता म्हणालात ना? मग कुणाला देता?”

“कुणाला न्हाई. तशी बोलायची पद्धत हाय.”

“मग त्यांचीही तशीच पद्धत आहे.”

नासिरभाई जागीच थबकले. “गाडी बंद पडती,” ते सावकाश म्हणाले, “पण ती कुठं पडत न्हाई. जागच्या जागी उभीच ऱ्हाती!”

“त्याला इंग्रजीत ब्रेक डाउन म्हणतात.”

“डाउन! म्हंजे त्यांची बी पडतीच की!” आणि ते इतके खदखदून हसले की पोरींनाही हसू आवरेना.

त्या दिवसापासून घरच्यांना उसंत नाही. बायको अख्तरी “बैठ जाव” म्हणाली की यांचा प्रश्न, “बैठूं के जाऊं?”

“पहले बैठो, फिर जाव!” ती करवादायची.

परीक्षेला रस्ता माहूरचा निघाला. मागच्या सीटवर लंडनहून आलेल्या बाई, नांदेडच्या घरातली सून, पण मराठी शून्य. निम्मा रस्ता नासिरभाई ऊन, ऊस, केळी, सगळ्यांवर इंग्रजी बोलले. चुकले, पण थांबले नाहीत. घाटातली पहिली वळणंही बोलण्यातच गेली. पुढं वळणं अवघड झाली, तसं नासिरभाईंनी बोलणं थांबवून लक्ष रस्त्यावर लावलं आणि मागून एकदम आवाज आला, “पुल ओव्हर! प्लीज!”

हे शेपूट वहीत नव्हतंच. पुल म्हणजे ओढ. काय ओढू? हँडब्रेक? पडदा? शेजारी बसलेले माधवराव त्यांच्याकडेच बघत होते. आरशात पाहिलं तर बाईंनी रुमाल तोंडावर दाबलेला, चेहरा पांढराफटक. नासिरभाईंनी गाडी अलगद कडेला घेतली, दार उघडलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

बाई सावरेपर्यंत माधवरावांनी नासिरभाईंना बाजूला घेतलं. “हा शब्द शिकवला होता का रे मॅडमनी?”

“न्हाई मालक.”

“मग कळलं कसं?”

“त्यांना उलटी यायला लागली होती. अशा टायमाला आपण काय म्हणतो? गाडी कडेला घे. आता ‘घे’ म्हणतो, पण हातात कोण घेतं? तसंच त्यांचं बी. ओढ म्हणलं तरी ओढायचं न्हाई.”

माधवराव हसले. “परवा लंडनचेच चौघं येताहेत. गाडी तुझ्याकडेच राहू दे.”

नासिरभाईंच्या छातीत आनंद मावेना. त्यांनी गाडी सुरू केली आणि पाहुण्या बाईंना त्रास नको म्हणून, मोठ्या कष्टानं, तोंड बंद ठेवलं. दोन वळणं गेली.

“व्हाय डिड यू स्टॉप?” मागून बाई म्हणाल्या. तुम्ही बोलत होतात तेव्हा वळणं जाणवत नव्हती, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि वर म्हणाल्या, “प्लीज, कीप टॉकिंग.”

बोलत राहा! नासिरभाईंना आजवर असं कुणीच म्हटलं नव्हतं.