मामाच्या घागरीवरचं नाव

"पुस्तकं मिटा," साहेब म्हणाले. पोरांनी मिटली. वाचन मात्र चालूच राहिलं. चाळीस गळ्यांतून धडा शेवटच्या ओळीपर्यंत सुखरूप पोचला. तोवर मी अभिमानानं फुगलो होतो. साहेबांचा चेहरा पाहिला आणि हवा गेली.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला नवे विस्तार अधिकारी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आणि साहेबांना नवा उत्साह. मी तेव्हा मुरुडजवळच्या एका गावात तिसरीचा वर्ग सांभाळत होतो. साहेबांनी त्याच धड्यातले तीन शब्द फळ्यावर लिहिले, पण मधलेच उचलून. पोरं एकमेकांकडं बघू लागली. पुढं बसलेली संगीता म्हणाली, "पहिल्यापासून म्हनू का?"

"गुरुजी, ही वाचत नाहीत. गातात."

"आवाज मात्र खणखणीत आहे, साहेब."

"तो मला मोटारसायकलवर ऐकू आला."

हे कौतुक नव्हतं, हे मला संध्याकाळी कळलं.

आमच्या गावात शाळेची तपासणी कानानं व्हायची. धडा पारापर्यंत ऐकू आला की गुरुजी हुशार. मीही त्याच मापानं स्वतःला मोजत होतो आणि दरसाल पहिला येत होतो.

साहेबांनी मला लातूरला ट्रेनिंगला धाडलं. तिथल्या बाईंनी संशोधनातून निघालेल्या पद्धती सांगितल्या. मुलाला आधी बोललेल्या शब्दातले आवाज सुटे ऐकू आले पाहिजेत. त्यासाठी टाळ्या वाजवायच्या. सगळी मुळाक्षरं एकदम नकोत. चार-पाच अक्षरं घ्या, लगेच त्यांचे शब्द करा. आणि रोज प्रत्येक मुलानं एकट्यानं, पाठ नसलेलं काहीतरी, अक्षरावर बोट ठेवून वाचायचं. अंदाज नाही.

परत येऊन मी थाटात 'कमळ' लिहिलं. पोरांनी तीन टाळ्या वाजवल्या.

"कमळ कुणी पाहिलंय?"

कुणीच नाही. दुष्काळाचं साल. तळ्यात लोक बैल बांधत होते. मी कमळ पुसून 'नळ' लिहिलं.

"नळ पाह्यलाय गुरुजी," मागून एक जण म्हणाला. "त्यातलं पानी न्हाई पाह्यलं."

तरी गाडी हळूहळू चालू लागली. अडचण निराळीच आली. पोरं एकेकटी वाचू लागली आणि शाळा गप्प झाली. तिसऱ्या दिवशी पारावरून निरोप आला, "गुरुजी आजारी हायत का?" चौथ्या दिवशी संगीताची आई केराबाई दारात उभी. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी बाई. बोलणंही तसंच.

"शिकवायलेत का झोपायलेत, गुरुजी?"

"शिकवतोय, केराबाई. आता एकेकटी वाचतात."

"आवाज न्हाई, काई न्हाई. त्यापरीस संगीला टँकरच्या रांगंत हुबी करते. मी दिसभर कामावर. घागर कोन भरील?"

"महिनाभर थांबा. तिला वाचायला येईल."

"थांबते. पन मी सोता तपासनार. न्हाई आलं तर शाळा बंद."

मी मनात हसलो. केराबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या तपासणार कशा?

महिना भरला. केराबाई कमरेवर पितळी घागर घेऊन वर्गात आल्या. आमच्याकडं घरच्या भांड्यावर मालकाचं आणि आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून.

"माझ्या भावानं लग्नात देलती. वाच म्हना नाव."

मला हायसं वाटलं. मामाचं नाव पोरीला न वाचताही ठाऊक असणार. पेपर फुटलेलाच होता.

संगीतानं ठिपक्यांवर बोट ठेवलं. "भ... ग..."

मी खोकलो. "नीट बघ. मामाचं नाव काय?"

"गौतम."

"मग?"

"पन हितं भगवान हाय, गुरुजी."

"गौपासून सुरू कर."

"गौ न्हाईच हितं."

केराबाईंचा चेहरा पडला. त्यांनी घागर उचलली, पोरीचा दंड धरला. "न्हाई आलं. चल."

त्या दारापर्यंत गेल्यावर मला एक साधी गोष्ट सुचली. घागर बघावी. मी पळत जाऊन वाकलो. भगवानराव पाटील, अगदी स्वच्छ.

"केराबाई, पोरगी बरोबर आहे. घागर चुकीची आहे."

टँकरनं सगळं गाव एका रांगेत आणलं होतं. रांगेत घागरी लावून बाया घरच्या कामाला जायच्या, तिथं कधीतरी अदलाबदल झाली होती. केराबाई उंबऱ्यावरच बसल्या.

"म्हंजी पाटलीनबाई माझ्या भावाच्या घागरीतलं पानी प्यायलीय?" पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की शाळेचा आवाज त्या दिवशी पुन्हा पारापर्यंत गेला.

संगीतानं रांगेतली एकेक घागर वाचत 'गौतम' शोधून आणलं. पाटलीणबाईंनी आपली घागर मुकाट्यानं घेतली आणि घरी जाऊन चिंचेनं घासली म्हणे. केराबाईंनीही आपली घासली.

आपलीही घागर परक्या घरात नाही ना, अशी धास्ती सगळ्याच बायांना लागली. त्यांनी ठरवलं, केराबाईंची घागर आपण पुढं सरकवू, संगीतानं शाळा सुटल्यावर येऊन नावं वाचावीत. केराबाईंनी मला एवढंच सांगितलं, "ऱ्हाऊ द्या तिला शाळंत."

पोरगी पुढं शिकली. मीही एक गोष्ट शिकलो, जी ट्रेनिंगला कुणी सांगितली नव्हती. मूल वाचत असताना गुरुजींनी तोंड मिटावं आणि डोळे उघडे ठेवावेत. माझं त्या दिवशी नेमकं उलटं होतं.